एक माणूस कल्पनेतला, बाकी सगळं खरं : 'दास लेबन डेअर आंडरन' या पहिल्या सिनेमाचं प्रकरण

'दास लेबन डेअर आंडरन', म्हणजे 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स', इतरांची आयुष्यं, या जर्मन सिनेमाबद्दल बोलताना बहुतेक जण कॅप्टन वीसलरपासून सुरुवात करतात, मी शेजारणीपासून करते. पूर्व बर्लिन, 1984, म्हणजे तेव्हाची कम्युनिस्ट पूर्व जर्मनी. नाटककार गेओर्ग ड्रायमान घराबाहेर पडलाय, श्टाझीची, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांची टीम जिना चढून वर येते, कुलूप उघडते आणि 20 मिनिटांत अख्ख्या घरात भिंतींमागे, स्विचमागे मायक्रोफोन आणि वायरी घालून मोकळी होते. निघताना कॅप्टन गेर्ड वीसलरच्या लक्षात येतं की समोरच्या दाराच्या पीपहोलमागे कुणीतरी उभं आहे. तो दार वाजवतो आणि फ्राऊ माइनेके नावाच्या त्या बाईंना एवढंच सांगतो की बाहेर एक शब्द जरी गेला तरी उद्यापासून तुमच्या माशाची मेडिकलची सीट गेली. आणि लगेच आपल्या माणसाला सांगतो, बाईंनी सहकार्य केलंय, त्यांना एक भेटवस्तू पाठवा.

पुढे ड्रायमानच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्याची मैत्रीण त्याला टाय देते, त्याला तो बांधता येत नाही पण तिच्यासमोर कबूलही करवत नाही, म्हणून तो गुपचूप या शेजारणीकडून बांधून घेतो आणि हसत हसत विचारतो की गुपित ठेवाल ना. त्या बाईंचा चेहरा बघा तेव्हा. तिला माहितीये की याच्या घराला कान लागलेत, हा माणूस सज्जन आहे हेही माहितीये, आणि तिच्या हातात त्याच्या गळ्यातला टाय आहे. दोन छोटे सीन, मोजून काही सेकंद, पण त्या देशात माणसं एकमेकांशी कशी बांधली गेली होती ते मला या गाठीत जेवढं कळलं तेवढं कुठल्या लेखात कळलं नाही.

आणि हे ज्याने लिहिलं आणि शूट केलं त्याचा हा पहिलाच फीचर सिनेमा होता, आणि तो त्या देशात कधी राहिलेलाही नव्हता. म्हणूनच हे प्रकरण नीट उलगडून लिहावंसं वाटलं. पहिलाच सिनेमा, हातात पैसे कमी, विषय दुसऱ्याच्या जखमेचा, आणि ज्यांची जखम त्यांच्यातलेच काही जण म्हणतायत की तुझी गोष्ट मुळातच चूक आहे. अशा वेळी डायरेक्टरने काय धरलं, काय सोडलं, आणि त्याचं पुढे काय झालं.

फ्लोरियान हेंकेल फॉन डोनर्समार्क, जन्म 1973, कोलोनचा, म्हणजे पश्चिम जर्मनीतला. लहानपण न्यूयॉर्क, पश्चिम बर्लिन, फ्रँकफर्ट, ब्रसेल्स असं फिरतीत गेलं. लेनिनग्राडला रशियन शिकला, ऑक्सफर्डला फिलॉसॉफी, पॉलिटिक्स आणि इकॉनॉमिक्स, आणि मग म्युनिकच्या फिल्म स्कूलमध्ये डायरेक्शन. तिथे शिकत असतानाच, 1997 च्या सुमारास, ही कल्पना सुचली. मॅक्सिम गॉर्कीने लिहून ठेवलंय की लेनिनला बीथोव्हेनची 'आपासिओनाता' प्रचंड आवडायची पण तो म्हणायचा मी ती फार ऐकू शकत नाही, कारण ती ऐकली की लोकांच्या डोक्यावरून मायेने हात फिरवावासा वाटतो, आणि सध्याचा काळ डोकी फोडायचा आहे. डोनर्समार्कला प्रश्न पडला की अशा माणसाला संगीत ऐकायला भागच पाडलं तर? त्यातून त्याच्या डोळ्यासमोर एक चित्र आलं, एका ओसाड खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस, शत्रूचं बोलणं ऐकायला बसलाय आणि कानावर पडतंय संगीत.

त्यानंतर कित्येक वर्षं तो नुसता वाचत आणि लोकांना भेटत राहिला, श्टाझीचे जुने अधिकारी, त्यांनी ज्यांना तुरुंगात टाकलं ते कैदी, दोघांनाही. पटकथेचा बराचसा भाग त्याने व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनक्रॉइत्स मठात बसून लिहिला, त्याचे काका तिथे मठाधिपती होते. प्रोड्युसर मिळाले तेही त्याच्याच पिढीतले, माक्स वीडेमान आणि क्विरिन बेर्ग, आणि त्यांचाही हा पहिलाच मोठा सिनेमा. बजेट 20 लाख डॉलरच्या आसपास, जे एका पीरियड सिनेमासाठी, ज्यात रस्ते, गाड्या, कपडे सगळं 20 वर्षं मागचं दाखवायचंय, जवळजवळ काहीच नाही. शूटिंग 37 दिवसांत उरकलं, 2004 च्या शेवटी. उलरिश म्यूहे, मार्टिना गेडेक, सेबास्टियान कोख, उलरिश टुकुर, सगळे तिकडचे मोठे नट, आणि सगळ्यांनी नेहमीच्या मानाने फारच कमी पैशात काम केलं कारण स्क्रिप्ट वाचून त्यांना ते करायचंच होतं.

आता तो काळ लक्षात घ्या. बर्लिनची भिंत पडून 15 वर्षं झालेली, आणि जर्मनीत पूर्वेकडच्या आठवणींची एक लाट आलेली, काकडीचं लोणचं, ट्राबांट गाड्या, जुनी गाणी, त्यावर हलकेफुलके सिनेमे, आणि ते धो धो चाललेले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, माणसाला आपलं तरुणपण आठवणारच. पण त्यात श्टाझी म्हणजे एक विनोदी पार्श्वभूमी होऊन बसली होती. प्रत्यक्षात हा पसारा केवढा होता, तर 1989 मध्ये साधारण 91 हजार पगारी कर्मचारी आणि त्यावर पावणेदोन लाखांच्या आसपास खबरी, आणि देशाची लोकसंख्या फक्त 1 कोटी 60 लाखांच्या घरात. फायली एकाशेजारी एक उभ्या लावल्या तर 111 किलोमीटर. 1992 च्या जानेवारीपासून लोकांना स्वतःची फाइल वाचायला मिळायला लागली आणि किती घरं, किती मैत्र्या त्या वाचनालयात बसल्या जागी मोडल्या.

डोनर्समार्कने काय ठरवलं, तर वस्तूंच्या बाबतीत तडजोड करायची नाही. ऐकण्याची मशिनं खरी, श्टाझीचीच. पाकिटं वाफेवर उघडायचं शेवटाकडे दिसणारं मशीन खरं. प्रॉप्स बघणारा माणूस स्वतः तरुणपणी श्टाझीच्या तुरुंगात राहून आलेला, आणि त्याचाच आग्रह होता की नकली काही चालणार नाही. मला हे नेहमी हलवून जातं, ज्या यंत्राने आपल्याला पकडलं तेच यंत्र शोधून आणून टेबलावर नीट मांडायचं म्हणजे काय असेल. श्टाझीचं हेडक्वार्टर नॉर्मानेनश्ट्रासेला होतं, तिथे खऱ्या जागेत शूट केलं, फायलींच्या अर्काइव्हमध्येही परवानगी मिळाली. ड्रायमान ज्यावर पश्चिमेतल्या मासिकासाठी पूर्व जर्मनीतल्या आत्महत्यांवर चोरून लेख लिहितो आणि मग जे लपवतो ते टाइपरायटर ग्रोमा कोलिब्री, पूर्व जर्मनीतच बनलेलं आणि खरोखरच इतकं चपटं की खोल्यांमधल्या उंबऱ्याच्या फळीखाली बसावं.

रंगांचंही तसंच. कॅमेरामन हागेन बोगडान्स्की आणि सेट करणारी झिल्के बूर यांच्याबरोबर डायरेक्टरने ठरवलं की लाल आणि निळा जवळपास काढूनच टाकायचा, हिरवा, करडा, खाकी, तपकिरी एवढ्यावरच सिनेमा उभा करायचा. अख्ख्या सिनेमात लाल रंग नीट डोळ्यात भरतो तो एकाच ठिकाणी, टाइपरायटरच्या रिबिनीत, कारण त्या छोट्या मशीनला दुसरी रिबिन मिळाली नाही. तो लाल रंग लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि संगीत. गाब्रिएल यारेद, ऑस्कर मिळालेला संगीतकार, या नवख्या पोरासाठी काम करायला तयार झाला, आणि सिनेमातली ती पियानोची रचना, 'चांगल्या माणसाचा सोनाटा', त्याने शूटिंगच्या आधीच लिहून दिली. सोपं काम नाही ते. एक मिनिटभराची धून लिहायची आणि ती ऐकून एक पोलादी माणूस आतून हलला यावर प्रेक्षकाचा विश्वास बसला पाहिजे.

एवढं सगळं खरं ठेवून मधोमध त्याने एक माणूस ठेवला जो कल्पनेतला आहे. वीसलर. कट्टर, एकटा, पक्षावर मनापासून श्रद्धा असलेला अधिकारी, जो आधी विद्यार्थ्यांना शिकवतो की कैद्याला 40 तास झोपू दिलं नाही की खरं-खोटं कसं ओळखायचं, आणि एक विद्यार्थी विचारतो की हे अमानुष नाही का, तर वर्गाच्या चार्टवर त्याच्या नावापुढे गुपचूप फुली मारतो. हाच माणूस ड्रायमानच्या माळ्यावर बसून ऐकता ऐकता बदलतो, खोटे रिपोर्ट लिहायला लागतो, शेवटी पुरावाच लपवतो.

इथेच भांडण झालं. होहेनश्योनहाउझनला श्टाझीचा मुख्य तुरुंग होता, आता तिथे स्मारक आहे. डोनर्समार्कला तिथे शूट करायचं होतं. स्मारकाचे तेव्हाचे संचालक, इतिहासकार हुबर्टुस क्नाबे, स्क्रिप्ट वाचून नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं असं की जिथे माणसांना छळलं त्याच जागेवर तुम्ही छळणाऱ्याला हिरो करणार, आणि तेही खोट्या आधारावर, कारण ज्याच्यावर पाळत ठेवली त्यालाच असं वाचवणारा श्टाझीचा एकही अधिकारी सापडलेला नाही. डायरेक्टरने नाझींच्या काळात ज्यूंना वाचवणाऱ्या शिंडलरचं उदाहरण दिलं, तर उत्तर आलं की तोच तर मुद्दा आहे, शिंडलर होता, वीसलर नव्हता.

मी यावर खूप विचार केलाय आणि माझं प्रामाणिक मत सांगते, क्नाबेंचं म्हणणं बरोबर होतं. वस्तुस्थिती म्हणून तर शंभर टक्के. आणि फक्त माणसं वाईट होती म्हणून नाही, ती यंत्रणाच अशी होती की एकट्या माणसाला हे जमणंच शक्य नव्हतं. मायक्रोफोन लावणारं खातं वेगळं, ऐकणारे वेगळे, त्याचा अर्थ लावणारे वेगळे, आणि प्रत्येकावर दुसऱ्या कुणाची तरी नजर. 'श्टाझीलँड' हे पुस्तक लिहिणाऱ्या अॅना फंडर यांनी हाच आक्षेप घेतला होता. आणि फुटलेल्या माणसाचं काय व्हायचं? पूर्व जर्मनीत शेवटची मृत्यूची शिक्षा 1981 मध्ये लाइपझिगला झाली, आणि ज्याला दिली तो व्हेर्नर टेस्के श्टाझीचाच कॅप्टन होता, पश्चिमेकडे पळून जायचा विचार आणि तयारी केली एवढ्यावरून. सिनेमात वीसलरला शिक्षा काय, तर तळघरात पाकिटं उघडत बसणं. वरिष्ठाकडे पुरावा नव्हता म्हणून, असं गोष्टीत नीट बसवलंय, पण शिक्षा हलकी वाटते हे खरंच आहे.

मग सिनेमा चूक का? मला तसं वाटत नाही, आणि कारण हे की या सगळ्या वादात सगळे जण वीसलरलाच धरून बसले. समर्थकही आणि विरोधकही. पण हा सिनेमा एका माणसाचा नाहीच, तो सात-आठ माणसांचा आहे, आणि डायरेक्टरने खरं जे पकडलंय ते या माणसांच्या मध्ये आहे. दबाव एकाकडून दुसऱ्याकडे कसा सरकतो ते. मंत्री हेम्प्फला ड्रायमानची मैत्रीण, नटी क्रिस्टा-मारिया झीलांड, हवी आहे म्हणून ड्रायमानवर पाळत. वीसलरचा श्टाझीतला वरिष्ठ ग्रुबिट्स, त्याला बढती हवी आहे म्हणून तो मंत्र्याचं ऐकतो. वीसलर ग्रुबिट्सचा जुना वर्गमित्र म्हणून त्याच्याकडे काम येतं. वीसलरच्या एका वाक्याने शेजारीण गप्प. रात्रपाळीला ऊडो नावाचा एक जाडजूड साधा माणूस बसतो, त्याला क्रांतीशी काही घेणं नाही, माळ्यावर वेळेवर यायचं, ऐकायचं, घरी जायचं, आणि मला वाटतं त्या 91 हजारांत सगळ्यात जास्त भरणा ऊडोंचाच असणार.

कँटीनचा सीन आठवा. एक तरुण अधिकारी, अक्सेल श्टिग्लर, पूर्व जर्मनीचा सर्वोच्च नेता होनेकर याच्यावर सूर्याचा विनोद सांगायला सुरुवात करतो आणि सांगता सांगता लक्षात येतं की शेजारच्या टेबलावर वरिष्ठ बसलेत. ग्रुबिट्स त्याला विनोद पूर्ण करायला लावतो, मग नाव विचारतो, हुद्दा विचारतो, खातं विचारतो, सगळं गंभीरपणे, पोरगा पांढराफटक पडतो, आणि मग ग्रुबिट्स खो खो हसतो की गंमत केली रे. आपणही सुटलो म्हणून हसतो. पुढे साडेचार वर्षांनी वीसलर तळघरात पाकिटं उघडत बसलाय, त्याच्या मागच्या खुर्चीत एक जण कानात इअरफोन घालून, आणि तोच वीसलरला सांगतो की भिंत उघडली. तो श्टिग्लर आहे. डायरेक्टर यावर कॅमेरा थांबवत नाही, कुणी त्याचं नाव घेत नाही, पहिल्यांदा पाहताना मला तर कळलंही नव्हतं. पहिला सिनेमा करणाऱ्याने एवढा संयम ठेवावा याचं मला फार कौतुक वाटतं, नवा माणूस आपली हुशारी दाखवायला सहसा टपलेला असतो.

आता क्रिस्टा-मारिया. माझ्या मते सिनेमाचं सगळ्यात खरं पात्र हीच, आणि सिनेमाची सगळ्यात दुखरी चूकही हिच्याच बाबतीत झालीये. तिला बंदी घातलेल्या गोळ्यांची सवय आहे, स्टेज हा तिचा श्वास आहे, आणि दोन्ही मंत्र्याच्या हातात आहेत. एका संध्याकाळी ती मंत्र्याकडे जायला निघते, वाटेत बारमध्ये थांबते, आणि तिथे वीसलर येतो. माळ्यावरचा कान पहिल्यांदाच खाली उतरून माणसासारखा बोलतो. तो तिला म्हणतो की मी तुमचा प्रेक्षक आहे, स्टेजवर तुम्ही जास्त तुम्ही असता. ती त्याला चांगला माणूस म्हणते आणि मंत्र्याकडे न जाता घरी परत येते. ड्रायमान आनंदात, आपण आनंदात. पण पुढे काय होतं ते नीट बघा. मंत्री डिवचला जातो. तिला संपवायचा हुकूम सुटतो, गोळ्यांच्या निमित्ताने अटक होते, आणि तिला तुटायला फार वेळ लागत नाही. म्हणजे वीसलरने केलेल्या पहिल्या चांगल्या कामाचं बिल तिच्या नावावर फाटलं. वीसलरला हिरो केलं म्हणून ओरडणाऱ्यांनी ही साखळी पाहिलीच नाही असं मला वाटतं. अशा यंत्रणेत चांगुलपणा सुद्धा कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडतो, आणि हे डायरेक्टरने लिहिलंय, कदाचित त्याला वाटलं त्यापेक्षाही जास्त स्पष्ट.

तिची दुसरी चौकशी वीसलरलाच करावी लागते. ती खुर्चीत बसते, तो वळतो, आणि ती त्याला ओळखते, माझा प्रेक्षक. मार्टिना गेडेकने तिथे चेहऱ्यावर जे आणलंय ते मी शब्दांत नाही सांगू शकत. काचेपलीकडे ग्रुबिट्स बसलाय, त्यामुळे वीसलर खूण करू शकत नाही, तो शब्द वेगळे वापरून सांगू बघतो की तुमचे प्रेक्षक विसरू नका, आणि तिला कळतं की नाही ते आपल्याला शेवटपर्यंत नक्की कळत नाही. ती टाइपरायटरची जागा सांगते. वीसलर तिच्याआधी धावत जाऊन ते काढून घेतो. तिला ते माहीत नाही. झडती सुरू झाल्यावर तिला ड्रायमानची नजर झेपत नाही, ती रस्त्यावर धावते आणि ट्रकखाली येते. आणि झडतीत काहीच सापडत नाही.

इथे माझी तक्रार आहे. तिच्या मरणाने दोन्ही पुरुष शुद्ध होऊन बाहेर पडतात. एक पुस्तक लिहितो, एकाला ते पुस्तक मिळतं. तिने जगून त्या घरात ड्रायमानच्या समोर बसायला हवं होतं, 1990 मध्ये, सगळं माहीत असताना, कारण खऱ्या आयुष्यात लोकांना तेच करावं लागलं. फेरा वोलेनबेर्गर या चळवळीतल्या बाईंना 1992 मध्ये फाइल वाचून कळलं की आपल्यावर रिपोर्ट देणारा 'डोनाल्ड' म्हणजे आपला नवरा आहे. नवरा जिवंत होता, मुलं होती. अपघाताने असे प्रश्न सुटत नाहीत, आणि डोनर्समार्कने तो सोपा रस्ता घेतला, त्याला गोष्ट संपवायची होती म्हणून.

हे सगळं कमी होतं की काय म्हणून वीसलर करणाऱ्या नटाच्या आयुष्यातही तेच होतं. उलरिश म्यूहे, जन्म 1953, सॅक्सनीतल्या ग्रिम्माचा, तरुणपणी लष्करी सेवेत बर्लिनच्या भिंतीवर पहारा दिलेला आणि त्यात पोटाच्या अल्सरने आजारी पडलेला. पुढे पूर्व बर्लिनच्या डॉइचेस थिएटरचा मोठा नट, आणि 4 नोव्हेंबर 1989 ला आलेक्झांडरप्लात्झवर जी अफाट सभा झाली, भिंत पडायच्या पाच दिवस आधी, त्यात तो बोलला होता. भूमिकेची तयारी कशी केली असं विचारल्यावर त्याचं उत्तर होतं की मला आठवलं. त्याच्याही नावाची फाइल होती. सिनेमाच्या पुस्तकात छापलेल्या मुलाखतीत त्याने म्हटलं की आपली आधीची पत्नी, अभिनेत्री येनी ग्र्योलमान, श्टाझीसाठी माहिती देत होती. तिने हे ठामपणे नाकारलं, तिच्याशी संबंधित श्टाझी अधिकाऱ्यानेही सांगितलं की ती नोंद त्यानेच रचली होती, आणि कोर्टाने म्यूहेला तसं म्हणायला मनाई केली. ती 2006 च्या ऑगस्टमध्ये गेली, तो 2007 च्या जुलैमध्ये पोटाच्या कॅन्सरने, ऑस्कर मिळाल्यानंतर पाच महिन्यांनी. कोण खरं होतं हे मी ठरवणार नाही. फाइलमध्ये लिहिलंय म्हणून ते खरंच असतं असं नाही, हे तर खुद्द हा सिनेमा सांगतो, त्यातला निम्मा रिपोर्ट वीसलरने मनाने लिहिलेला आहे.

आणखी एक गोष्ट जी मला दुसऱ्यांदा बघताना जाणवली. वीसलर करणारा म्यूहे पूर्वेचा, मंत्री करणारा टोमास टीमे वायमारचा, ऊडो करणारा चार्ली ह्यूबनर पूर्वेचा, बंदी घातलेला दिग्दर्शक येर्स्का करणारा फोल्कमार क्लाइनर्टही तिकडचाच. तर ज्यांच्या घरात मायक्रोफोन लागले ते ड्रायमान आणि क्रिस्टा-मारिया करणारे कोख आणि गेडेक मात्र पश्चिमेचे. ग्रुबिट्स करणाऱ्या, पश्चिमेच्या टुकुरचा अपवाद सोडला तर यंत्रणेची भाषा, ते ऑफिसातलं बोलणं, ती कोरडी वाक्यं, ज्यांनी लहानपणापासून ऐकली त्यांच्याच तोंडी आली. पश्चिमेच्या डायरेक्टरने स्वतःला जे येत नव्हतं ते असं भरून काढलं असणार, हा माझा अंदाज.

बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाने याला स्पर्धेत घेतलं नाही, बर्लिनवरचा सिनेमा आणि बर्लिनमध्येच नाही. थिएटरमध्ये आला 23 मार्च 2006 ला. 1976 मध्ये पूर्व जर्मनीने ज्याला देशाबाहेर काढलं तो कवी-गायक वोल्फ बीरमान, त्याने लिहिलं की पश्चिमेत वाढलेल्या या पोराला हे कसं समजलं याचंच आश्चर्य वाटतं. जर्मन फिल्म अवॉर्डला 11 नामांकनं आणि सात पुरस्कार, युरोपियन फिल्म अवॉर्डमध्ये सर्वोत्कृष्ट सिनेमा, नट आणि पटकथा, आणि फेब्रुवारी 2007 मध्ये परकीय भाषेतल्या सिनेमाचा ऑस्कर. आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी ते वर्ष वेगळ्या कारणाने फॉलो केलं असेल, कारण त्याच गटात कॅनडातर्फे दीपा मेहतांचा हिंदी 'वॉटर' होता. जगभरात मिळून सुमारे 7 कोटी 70 लाख डॉलरचा धंदा झाला, 20 लाखांच्या सिनेमाने.

टीका थांबली नाही, आणि थांबायला नकोच होती. ब्रिटिश इतिहासकार टिमथी गार्टन अॅश, ज्याच्यावर स्वतःवर श्टाझीची फाइल होती, त्याने गणवेश, कपडे असे तपशील कुठे चुकले ते दाखवलं आणि तरी सिनेमा मोठा आहे असंही म्हटलं. लेखक क्रिस्टोफ हाइन यांनी तर 2019 मध्ये लिहिलं की आपण आपलं आयुष्य या डायरेक्टरला सांगितलं होतं आणि पडद्यावर जे आलं ते आपलं वाटलंच नाही, ती एक परीकथा झाली. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो. आपण कुणाला तरी विश्वासाने आपली वर्षं सांगायची आणि त्याने त्यातून शोभिवंत काहीतरी करावं, यात दुखणं असणारच, सिनेमा कितीही चांगला असो.

तरी मी हा सिनेमा धरून आहे, आणि त्याचं कारण शेवटची दहा-पंधरा मिनिटं. ट्रकच्या अपघातानंतर सिनेमा संपवता आला असता, भिंत पडली तिथेही संपवता आला असता. तो पुढे जातो. 1991 मध्ये नाटक अर्ध्यात सोडून बाहेर आलेल्या ड्रायमानला जुना मंत्री भेटतो, आता साधा नागरिक, मजेत, आणि सांगतो की तुझ्या घरातल्या स्विचमागे बघ. ड्रायमान घरी येऊन भिंतीतून मीटर मीटर वायर ओढून काढतो. मग वाचनालय. टेबलावर ढिगाने फायली, शेजारी दुसरे लोक आपापले ढीग घेऊन गप्प बसलेले. त्याला आधी सापडते क्रिस्टा-मारियाची सही, खबरी म्हणून, टोपणनाव 'मार्टा'. मग त्याला दिसतं की HGW हा कुणीतरी ऐकणारा आपल्या बाजूने खोटं लिहीत होता, ड्रायमान म्हणे लेनिनवर नाटक लिहितोय, अंकाअंकाच्या सारांशासकट. शेवटच्या रिपोर्टवर पुसट लाल डाग, बोटाचा ठसा, त्या रिबिनीचा. कुठलीही बाई, कुठलाही पुरुष तिथे काही बोलत नाही, फक्त तो लाल डाग, आणि इतका वेळ रंग दाबून धरल्यामुळे तो डाग आरपार जातो.

तो नाव शोधून काढतो, HGW 20/7 म्हणजे हाउप्टमान, कॅप्टन, गेर्ड वीसलर, आणि टॅक्सीने त्याला बघायला जातो. वीसलर आता घरोघरी पत्रकं टाकतो, ट्रॉली ओढत फुटपाथवरून चाललाय. ड्रायमान गाडीतून उतरतो, थोडं बघतो, आणि पुन्हा गाडीत बसतो. एवढंच. दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. पहिल्या सिनेमाच्या डायरेक्टरसमोर केवढा मोह असेल तिथे, मिठी, डोळ्यात पाणी, आभार. त्याने टॅक्सी वळवली. दोन वर्षांनी कार्ल मार्क्स आलेवरच्या पुस्तकांच्या दुकानासमोरून जाताना वीसलर काचेत ड्रायमानचं नवं पुस्तक बघतो, आत जातो, पहिलं पान उघडतो, अर्पण वाचतो, 'HGW 20/7 ला, कृतज्ञतेने', आणि पुस्तक काउंटरवर ठेवतो. दुकानदार विचारतो, गिफ्ट पॅक करून देऊ का. तो म्हणतो, नको, माझ्यासाठीच आहे.